मदत हवी आहे : परसबागेसाठी सरळ वाणाचे भाजीपाला व फुलांचे बियाणे कसे निवडावे? (मिरज)

नमस्कार.

आम्ही मिरजेत राहतो. घरामागे साधारण पाऊण गुंठा मोकळी जागा आहे. जमीन काळी आणि थोडी चुनखडीची आहे, पाणी बोअरचे असून चवीला किंचित मचूळ लागते. गेली चार वर्षे मी या जागेत घरापुरती भाजी आणि देवापुरती फुले लावते. येत्या जूनपासून शक्य तितके बियाणे सरळ वाणाचे, म्हणजे खुल्या परागीभवनाचे, घ्यावे आणि त्यातून पुढच्या वर्षाचे बी घरीच धरावे, असे मी ठरवले आहे. मात्र एवढ्याशा जागेत कोणत्या पिकांचे बी शुद्ध राहील आणि कोणत्या पिकांचे दरवर्षी नवे घेणेच बरे, हे मला नीट ठरवता येत नाही. येथे बी धरण्याचा अनुभव असलेली मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा प्रश्न पडण्याचे कारण आमचा दुधी आहे. तीन वर्षांपूर्वी मी ‘सम्राट’ या राहुरी कृषी विद्यापीठाच्या सरळ वाणाचे पाकीट आणले होते. वेल उत्तम आला, दुधी कोवळे आणि गोडसर निघाले. दुसऱ्या वर्षी त्याच पाकिटातले उरलेले बी लावले आणि त्यातले दोन दुधी बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिले. त्याच पावसाळ्यात आमच्या भावजींनी पंढरपूरकडून तंबोऱ्याच्या भोपळ्याचे बी आणून मागच्या कुंपणावर हौसेने वेल चढवला होता. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना लागणारे भोपळे भीमाकाठाहून येतात, त्यामुळे आपल्या दारीही एक भोपळा धरावा, ही त्यांची इच्छा अगदी स्वाभाविक होती. यंदा मी घरच्या बियांचे चार वेल लावले. फळे बुडाशी नेहमीपेक्षा जास्त गोल दिसत होती, पण मी त्याकडे दुर्लक्ष केले. सासूबाईंची जुनी सवय अशी, की दुधी असो वा काकडी, चिरल्यावर एक चकती जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय भाजी फोडणीला टाकायची नाही. त्यांनी चकती चाखली आणि लगेच थुंकली. दुधी जहर कडू होता. चारही वेलांचा तोच प्रकार निघाला आणि आम्ही सगळे वेल उपटून टाकले. कडू दुधी, आणि विशेषतः त्याचा रस, पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते, त्यामुळे हा प्रसंग मी केवळ नुकसान म्हणून सोडून देऊ शकत नाही.

नंतर वाचल्यावर कळले, की तंबोऱ्याचा भोपळा आणि दुधी ही एकाच जातीची झाडे आहेत आणि त्यांचा सहज संकर होतो. त्या वर्षीचे दुधी खायला गोडच होते, कारण फळाचा गर आईवेलाचा असतो, बापाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये उतरतो आणि तो दिसतो पुढच्या वर्षी. दुधीजवळ कारल्याचा वेल असला की दुधी कडू होतो, असे आमच्या शेजारी अजूनही ठामपणे सांगितले जाते. तसे होत नाही, कारण कारले ही निराळीच जात आहे आणि दुधीशी तिचा संकर होत नाही. पण या समजुतीमुळे खरे कारण, म्हणजे कुंपणावरचा भोपळा, आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

एवढ्यावरून माझी जी समजूत झाली आहे ती मांडते, चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावी. सरळ वाण म्हणजे त्याच वाणात परागीभवन झाले तर बीपासून तसेच झाड येते. संकरित वाणाचे (पाकिटावर एफ-१ लिहिलेले) बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडे वेगवेगळी निघतात. मी संकरित बियाण्याच्या विरोधात मुळीच नाही. संकरित म्हणजे जनुक बदललेले, असा जो गोंधळ अनेक ठिकाणी दिसतो तोही चुकीचा आहे, कारण आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या भाजीच्या लागवडीला परवानगी नाही आणि बीटी वांग्याला तर फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. मला फक्त स्वतःचे बी धरायचे आहे, म्हणून सरळ वाण हवे आहे. परंतु सरळ वाण घेतले म्हणजे काम संपले असे नव्हे, हे दुधीने शिकवले. ‘सम्राट’मध्ये काही दोष नव्हता. दोष माझ्या शेजारनिवडीत होता.

म्हणून मी पिकांकडे आता कोणाचे परागीभवन कसे होते, या दृष्टीने पाहते. टोमॅटो, घेवडा, गवार, चवळी आणि मेथी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे त्यांचे बी धरण्याची मला फारशी भीती वाटत नाही. टोमॅटोत ‘पुसा रूबी’, ‘अर्का विकास’ आणि राहुरीचे ‘भाग्यश्री’ हे तीन सरळ वाण माझ्या यादीत आहेत. गवारीत ‘पुसा नवबहार’ ठरल्यासारखी आहे. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवण्याची पद्धत मी एकदा करून पाहिली आणि ते बी चांगले उगवले. पावसाळी वातावरणात पानांवर करपा कमी येईल आणि कोशिंबिरीला चांगला लागेल, असा या तिघांपैकी कोणता, हे येथील अनुभवी लोकांनी सांगावे.

वांगी, मिरची आणि भेंडी यांच्याबाबत मात्र मी अडकले आहे. ही पिके स्वतःच्या परागानेही फळतात, पण मधमाश्या त्यांच्यात बरीच ये-जा करतात. आमच्या दोन्ही बाजूंना परसबागा आहेत. डावीकडच्या घरी सिमला मिरची असते आणि उजवीकडे कुंड्यांतून तिखट मिरचीची झाडे आहेत. भेंडीत ‘अर्का अनामिका’ किंवा ‘परभणी क्रांती’ घेण्याचा विचार आहे, कारण पाने पिवळी पडून शिरा उठून दिसणाऱ्या विषाणूजन्य रोगाला (येलो व्हेन मोझॅक) हे दोन्ही वाण प्रतिकारक म्हणून निवडले गेले होते. तो प्रतिकार आपल्या भागात आजही टिकून आहे का? भेंडीचे फूल सकाळी उमलून दुपारनंतर मिटते, तेव्हा आदल्या संध्याकाळी कळीवर मलमलीची लहान पिशवी बांधली आणि फळ धरल्यावर काढली, तर ते फळ बियाण्यासाठी पुरेसे शुद्ध समजावे का? वांग्याच्या एका अख्ख्या फांदीला अशी पिशवी घातली तर आत फळ धरते का, की रोज फांदी हलवावी लागते? वांग्यात मला कृष्णाकाठचे वांगेच हवे आहे. बाजारात ते या नावाने सर्रास विकले जाते, परंतु त्याचे खात्रीचे बी पाकिटात मिळाल्याचा अनुभव मला नाही. सांगली, भिलवडी, औदुंबर या बाजूला कोणाच्या घरी वर्षानुवर्षे राखलेले बी असेल, तर दहा-बारा बिया सुद्धा माझ्यासाठी पुष्कळ आहेत. ते न मिळाल्यास ‘मांजरी गोटा’ लावीन.

कांदा, मुळा, गाजर आणि मका यांचे बी धरण्याचा नाद मी सोडला आहे. कांद्याचे बी हवे तर निवडक कांदे राखून ते पुन्हा लावावे लागतात, मग डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, आणि इतके करून ते बी जेमतेम वर्षभरच चांगले उगवते. शिवाय अशा परपरागी (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणाऱ्या) पिकांची मोजकीच झाडे बियाण्यासाठी ठेवली तर पुढच्या पिढ्या अशक्त होत जातात. पाऊण गुंठ्यात पन्नास मुळे फुलोऱ्यावर सोडणे मला परवडणारे नाही. पालकाचे परागही वाऱ्याने दूरवर जातात, त्यामुळे तोही विकतच घेईन.

आता वेलवर्गीय भाज्यांचा मुख्य प्रश्न. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोच्या दोन वाणांत २५ मीटर अंतर पुरते, तर दुधी-काकडीसारख्या वेलांना ५०० मीटर लागते. गावात एवढे अंतर कोणाकडेही नसते, म्हणून हाताने परागीभवन करण्यावाचून उपाय दिसत नाही. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, काकडी, कारले, तांबडा भोपळा आणि घोसाळ्याची सकाळी, एवढे मी स्वतः पाहिले आहे. आदल्या वेळी नर आणि मादी अशा दोन्ही कळ्या दोऱ्याने हलक्या बांधून ठेवायच्या, उमलण्याच्या वेळी सोडून नराचे पराग मादीला लावायचे, पुन्हा बांधायचे आणि देठाला रंगीत चिंधीची खूण करायची, अशी रीत मी वाचली आहे. दुधीच्या बाबतीत नेमकी वेळ कोणती धरावी, दिवेलागणीच्या आधी की नंतर? नर आणि मादी फुले एकाच वेलाची असली तर चालते का? एका वेलावर बियाण्याचे फळ राखले की बाकीची फळधारणा मंदावते, असे जाणवते. तेव्हा बियाण्यासाठी वेगळाच वेल ठेवावा का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

दुकानातल्या पाकिटांविषयीही थोडे विचारायचे आहे. पाकिटावर ‘सुधारित’, ‘संशोधित’, ‘निवडक’, ‘गावठी’ असे शब्द असतात आणि त्यांतला कोणता सरळ वाण दर्शवतो हे कळत नाही. मी आता वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणशक्ती आणि वापराची अंतिम मुदत या पाच गोष्टी बघितल्याशिवाय पाकीट घेत नाही, आणि निळे प्रमाणित लेबल असले तर तेच पसंत करते. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘देशी टोमॅटो’ म्हणून सुटे बी घेतले होते. त्यातून तीन प्रकारची फळे आली आणि एकही प्रकार धरण्याजोगा नव्हता. विक्रेत्याला वाणाचे नाव विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही. घरगुती बीजसंवर्धन करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी ज्या निष्ठेने स्थानिक बियाणे जपले, त्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली आणि त्यांच्यामुळेच अनेकांचे लक्ष या विषयाकडे वळले. पण म्हणूनच ‘देशी’ हा शब्द नुसता चिकटवलेला असू नये असे वाटते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर किंवा राहुरी विद्यापीठाच्या अन्य केंद्रांवर घरगुती बागेपुरते थोडे भाजीपाला बियाणे मिळते का, आणि कोणत्या महिन्यात चौकशी करावी, हे कोणी अलीकडे गेले असल्यास कळवावे.

फुलांत अपेक्षा साध्या आहेत. दसऱ्या-दिवाळीला झेंडू हवा, गणपतीला थोडी रंगीत फुले हवीत आणि मधमाश्या यायला हव्यात. झेंडूत ‘पुसा नारंगी’ आणि ‘पुसा बसंती’ हे सरळ वाण आहेत. पण दोन्ही शेजारी लावले तर पुढच्या वर्षी रंग मिसळतील, म्हणून यंदा फक्त नारंगी लावेन. ॲस्टरमध्ये पुण्याच्या गणेशखिंडचे ‘फुले गणेश’ मालिकेतले रंग लावावेत असे वाटते. तेरडा, कॉसमॉस, कोंबडा आणि झिनिया यांचे रंग मिसळले तरी मला चालेल, उलट आवडेल. झेंडूची फुले हारासाठी तोडली जातात आणि बियाण्यासाठी चांगली फुले शिल्लकच राहत नाहीत, ही अडचण आमच्याकडे दरवर्षी येते. पहिल्या बहरातली फुले राखावीत की शेवटच्या?

शेवटी एक प्रश्न सासूबाईंच्या वतीने. त्यांचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. तिकडच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांच्या भावाने त्यातला सेरभर आम्हाला दिला आहे. लालसर दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून ते नाव. हा घेवडा स्वपरागी असल्यामुळे बी धरायला सर्वांत सोपा, आणि वालाच्या शेंगांशी त्याचा संकर होत नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या यादीत यशाची खात्री याच पिकाची वाटायला हवी होती. परंतु घेवडा खारट पाणी सहन करत नाही, आणि आमचे बोअरचे पाणी मचूळ आहे. पावसाच्या पाण्यावर जूनमध्ये पेरून मध्ये ओढ पडली तरच टाकीत साठवलेले पावसाचे पाणी द्यावे, असा माझा बेत आहे. मिरज-सांगलीच्या काळ्या जमिनीत कोणी वाघ्या घेवडा घेतला आहे का? गादीवाफे उंच केले तर मुळाशी पाणी साचणार नाही असे वाटते, पण ते किती उंच असावेत? सासूबाई माहेरी बी राखेत घोळून गाडग्यात ठेवत असत. आम्ही तसेच ठेवले आहे, पण भुंगा लागू नये म्हणून जूनपर्यंत त्यात आणखी काही करावे का, तेही सांगावे.

ज्यांना हा घेवडा हवा असेल त्यांना पेरणीपुरते बी आम्ही आनंदाने देऊ. बदल्यात कृष्णाकाठच्या वांग्याचे बी मिळाले तर सासूबाईंना विशेष आनंद होईल.