मदत हवी आहे : ऑटोकॅडच्या टीकाउंटने दिलेले प्लॉट क्रमांक हव्या त्या क्रमाने लागत नाहीत

नमस्कार. मी नागपुरातील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीवर काम करते. हिंगणा मार्गाकडच्या एका मौजातील (महसुली गावातील) शेतजमिनीच्या लेआउटचा नकाशा सध्या माझ्याकडे आहे. त्यात १४६ प्लॉट सात रांगांमध्ये बसवलेले असून, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला नाला तिरपा गेल्यामुळे सगळ्या रांगाही तिरप्याच आहेत.

आमच्याकडे लेआउट म्हणजे पुढे अख्खी वस्तीच होते आणि खरेदीखतात प्लॉट क्रमांक, खसरा (मूळ जमिनीचा) क्रमांक व मौजा हीच त्या जागेची ओळख राहते, त्यामुळे क्रमांक नुसता शोभेसाठी टाकून चालत नाही. क्षेत्रफळाच्या तक्त्यातही तोच क्रमांक जातो. क्रमांक देण्याची आमची पद्धत शेतात वखर फिरतो तशी आहे : पहिली रांग डावीकडून उजवीकडे, तासाच्या टोकाला वळायचे, आणि दुसरी रांग उजवीकडून डावीकडे. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला त्यामुळे क्रमांक सलग सापडतात.

मी प्रत्येक प्लॉटच्या मध्यभागी ‘०’ असा टेक्स्ट कॉपी करून ठेवला आणि ऑटोकॅडच्या एक्सप्रेस टूल्स या जोड-साधनांतील, निवडलेल्या टेक्स्टना ओळीने क्रमांक देणारी टीकाउंट ही आज्ञा वापरली. सुरुवात १, वाढ १, आणि जुना मजकूर पुसून त्या जागी क्रमांक, असे पर्याय निवडले. क्रमासाठी तिथे एक्स (आडवा अक्ष), वाय (उभा अक्ष) आणि निवडीचा क्रम असे तीनच पर्याय मिळतात. तिन्ही करून पाहिले.

विंडोने, म्हणजे भोवती चौकट ओढून, सगळे टेक्स्ट एकदम निवडून ‘निवडीचा क्रम’ दिला, तेव्हा क्रमांक १ अगदी खालच्या कोपऱ्यातल्या प्लॉटला लागला, म्हणजे मी सर्वांत शेवटी कॉपी केलेल्या टेक्स्टला. आणि जे कोपऱ्यांचे प्लॉट मी नंतर आठवण होऊन भरले होते, तिथे क्रम मधूनच उडी मारून गेला. एक्स दिल्यावर सातही रांगांतले डावीकडचे प्लॉट आधी मोजले गेले. वाय दिल्यावर काम वरून खाली होईल अशी आशा होती, परंतु रांगा तिरप्या असल्याने पहिल्या रांगेचे शेवटचे प्लॉट दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीच्या प्लॉटपेक्षा खाली येतात आणि दोन्ही रांगांची खिचडी होते.

शंका म्हणून मी सरळ, आडव्या रांगांचे एक लहान आरेखन करून पाहिले, तर तिथेही वायने एकाच रांगेत गोंधळ घातला. वस्तूची माहिती दाखवणाऱ्या प्रॉपर्टीजमध्ये दशांशस्थळे वाढवून बघितल्यावर एका टेक्स्टचा वाय ४२१५.३००० आणि शेजारच्याचा ४२१५.२९९६ निघाला.

एकेक टेक्स्टवर क्लिक करत गेले तर क्रम अचूक लागतो, हे मला माहीत आहे. परंतु नव्वदाव्या क्लिकला फोन वाजतो, हात एस्केपवर पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय मोकळ्या जागेची आखणी आतापर्यंत तीनदा बदलली आहे आणि दर वेळी क्रमांक नव्याने द्यावे लागले आहेत. यापेक्षा बरा मार्ग कुणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

ताई, आपल्या तिन्ही प्रयत्नांत आज्ञेने सांगितले तेच केले आहे. एक्स म्हणजे वाढत्या एक्स निर्देशांकाने, वाय म्हणजे उतरत्या वाय निर्देशांकाने, आणि दर वेळी एकाच अक्षाचा विचार. ‘आधी रांग, मग रांगेतले स्थान’ अशी दुहेरी क्रमवारी तिच्यात नाही, आणि रांग नावाची वस्तू तिला दिसतही नाही. ०.०००४ चा फरक आपल्या डोळ्यांना शून्य असला तरी तिच्या दृष्टीने तो वरखाली ठरवायला पुरेसा आहे. विंडोने निवडल्यावर जो क्रम मिळतो, तो आरेखनाच्या साठ्यातला, साधारणपणे सर्वांत नवे आधी असा असतो. पडद्यावरच्या मांडणीशी त्याचा संबंध नसतो.

आपल्याला हवा तो उपाय फेन्स निवडीत, म्हणजे ओढलेली रेषा ज्यांना छेदते त्या वस्तू निवडण्यात, आहे. टीकाउंटने वस्तू निवडायला सांगितले की एफ टाइप करून एंटर द्यावे आणि पहिल्या प्लॉटच्या क्रमांकापासून रेषा ओढायला सुरुवात करावी. रेषा प्रत्येक टेक्स्टच्या अक्षरांना छेदत पहिल्या रांगेच्या टोकापर्यंत न्यावी, तिथे बिंदू देऊन दुसऱ्या रांगेत वळवावी आणि उलट दिशेने परत आणावी. आपण लिहिलेला वखर अगदी असाच फिरवायचा आहे. फेन्स ज्या क्रमाने टेक्स्ट छेदत जाते त्याच क्रमाने ते निवडले जातात, म्हणून पुढे ‘निवडीचा क्रम’ हा पर्याय दिला की काम होते. रांगा तिरप्या आहेत की वाकड्या, याने काही बिघडत नाही.

त्यापूर्वी लेआयसो या आज्ञेने फक्त क्रमांकांचा लेयर (आरेखनाचा थर) चालू ठेवा, नाहीतर प्लॉटमधले क्षेत्रफळाचे टेक्स्टही रेषेत सापडतील आणि त्यांच्या जागी क्रमांक बसतील. क्षेत्रफळ आणि क्रमांक एकाच लेयरवर असतील तर आधी ते वेगळे करा. ऑटोकॅडची आवृत्ती २०१८ पेक्षा जुनी असेल तर संपूर्ण लेआउट पडद्यावर दिसत असतानाच फेन्स ओढा, कारण पडद्याबाहेरच्या वस्तू त्यात निवडल्या जात नाहीत.

रांगा सरळ करण्यासाठी आरेखन फिरवून पुन्हा जागेवर आणण्याचा सल्ला आपल्याला कुणी देईल. मोजणीच्या निर्देशांकांवर बसवलेल्या नकाशाला तसा हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

फेन्सचा उपाय योग्यच आहे. दोन गोष्टी जोडतो. क्रमांकाआधी ‘पी-’ असे काही हवे असल्यास प्रीफिक्स किंवा सफिक्स (आकडा मजकुराच्या आधी किंवा नंतर जोडण्याचे टीकाउंटचे पर्याय) वापरू नका, कारण त्यात मजकूर आणि आकडा यांच्यामध्ये मोकळी जागा येते. त्याऐवजी सगळीकडे ‘पी-#’ असा टेक्स्ट ठेवून शोधा-आणि-बदला या पर्यायात # दिले की फक्त तेवढेच चिन्ह बदलते. दुसरे म्हणजे, क्रमांक ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या) ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या मजकुरात, असतील तर टीकाउंट त्यांना स्पर्शही करत नाही.

असे लेआउट वारंवार येत असतील तर ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहून घेणे परवडेल. त्यातील ‘इक्वल’ या फंक्शनला तिसरी संख्या म्हणून सहनशीलता, म्हणजे किती फरक चालेल ते, देता येते. दोन वाय निर्देशांकांतला फरक अर्ध्या मीटरच्या आत असेल तर एकच रांग समजावी आणि मग एक्सने लावावे, असे त्यात सांगता येते. मात्र ते सरळ रांगांनाच उपयोगी पडेल. आपल्या तिरप्या लेआउटसाठी हाताने ओढलेली फेन्सच बरी.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. लेयर वेगळा करून एकाच फेन्समध्ये सातही रांगा घेतल्या आणि क्रम वखरासारखाच लागला. गंमत म्हणजे शेवटच्या प्लॉटला १४६ ऐवजी १४८ क्रमांक मिळाला. शोधल्यावर तिसऱ्या रांगेत एके ठिकाणी ४१ वर ४२ चढलेला दिसला आणि पाचव्या रांगेत तसाच आणखी एक प्लॉट सापडला. कॉपी करताना दोन ठिकाणी टेक्स्टवर टेक्स्ट पडला होता आणि दोन्ही जागी शून्यच असल्याने इतके दिवस ते लक्षातच आले नाही. जास्तीचे दोन टेक्स्ट काढून सगळे निवडले, प्रॉपर्टीजच्या वरच्या चौकटीत १४६ ही संख्या पाहून घेतली, मगच पुन्हा टीकाउंट चालवले. आता क्षेत्रफळाचा तक्ता जुळला आहे.