नागपूर: 11 बाय 14 च्या खोलीसाठी वापरलेले टॉवर स्पीकर, तीनपैकी कोणते?

प्रतापनगरचा श्रोता (नागपूर)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने मी नुसता पाहून राहिलो आहे, घेतलं काहीच नाही. बायको म्हणते, एवढी चौकशी तर आपण हे घर घेतानाही केली नव्हती.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा दोन लाख रुपये बाजूला काढून ठेवले, फक्त स्पीकरसाठी. नवीन घेतले तर या पैशात मधल्या फळीतलं काहीतरी येईल. पण ज्यांची नावं वीस-पंचवीस वर्षं नुसती मासिकांत वाचली, ते जुन्यात येऊ शकतात. म्हणून जुनेच घ्यायचे हे नक्की.

अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) मॅरँट्झचा पीएम 6006 आहे, 8 ओहमवर 45 वॅटचा. तो बदलायचा नाही. वडिलांच्या दोनेकशे एलपी आहेत. ऐकणं म्हणाल तर ख्याल, तबला सोलो, भजनं, आणि रविवारी जुनी हिंदी गाणी. सध्या स्टँडवर छोटे स्पीकर आहेत. आवाज वाईट नाही, पण तानपुरा कानाशी डास फिरल्यासारखा वाटतो. वसंतराव देशपांडे सभागृहात मागच्या रांगेत बसलं तरी खरज, म्हणजे खालचा सा, पोटाशी जाणवतो, तो घरी नाही.

खोली पहिल्या मजल्यावर, वर थेट गच्ची. खाली टाइल्स, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीत एप्रिल ते जून कूलर.

तीन जोड्या पाहून ठेवल्यात:

पुण्यात बी अँड डब्ल्यू 804एस, 1,90,000. पिवळा केवलारचा कोन आणि डोक्यावर ट्वीटरची, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरची, ती लांबुळकी नळी. दिसायला देखणेच.

हैदराबादला डायनऑडिओ कॉंटूर एस 3.4, 1,60,000. मालक म्हणतो एकहाती वापरलेले.

आणि इथेच रामदासपेठेत केईएफ 104/2, 75,000. घर रिकामं करून राहिले आहेत, म्हणून काढतायत. सागवानी रंगाचे, अंगावर ओरखडा नाही. घरचे सांगतात, दहा वर्षांपासून चादरीखाली झाकलेले होते. अजून वाजवून पाहिले नाहीत.

तिन्हींपैकी कोणते? की दोन लाखांत मी उगाच मोठ्या नावांच्या मागे लागलोय?

तिसरा डेसिबल (पुणे)

यात विचार करण्यासारखं काय आहे? 804एस घ्या. उद्या विकायचे म्हटलं तर आठवड्यात गिऱ्हाईक मिळतं. 104/2 हे 1984 सालचं मॉडेल आहे हो. चाळीस वर्षांच्या वस्तूवर 75 हजार?

कथिल आणि धूर (नागपूर)

नमस्कार भाऊ. मी हौशी दुरुस्तीवाला, धंदा नाही. म्हणून कोणाची बाजू घेत नाही.

आधी केईएफचं, कारण ते हाताशी आहेत आणि तिथेच खड्डा आहे. 104/2 मध्ये बाहेरून दिसतात ते मधल्या सुरांचे ड्रायव्हर (आवाज काढणारे कोन) आणि ट्वीटर. बासचे, म्हणजे खालच्या सुरांचे, दोन आठ इंची वूफर पेटीच्या आत असतात, एकमेकांना धातूच्या सळईने बांधलेले, आणि त्यांचा आवाज समोरच्या एका भोकातून बाहेर येतो. ओरखडा नाही हे कळलं, पण ओरखडा कुठे पाहिलात? सडतो तो आतला. त्या वूफरच्या कडेला फोम असतो. फोम कोरड्या हवेने जेवढा मरत नाही तेवढा ओलीने मरतो, आणि आपल्या गावात दोन्ही मिळतं: मे महिन्यात भाजणं आणि त्यातच कूलरची वाफ, मग चार महिने पावसाळा. चादरीने धूळ थांबते, दमटपणा नाही.

जाताना फोनमध्ये 50 आणि 60 हर्ट्झचे सूर घेऊन जा. अँप पण सोबत न्या. आवाज अगदी बारीक ठेवा. भोकातून स्वच्छ हुंकार आला तर ठीक. खरखर, फडफड किंवा फुसफुस आली तर फोम गेला समजा. मग एकच गाणं मोनो करून आधी डाव्यावर, मग उजव्यावर. या ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड (चुंबकी तेल) असतं, ते सुकलं की वरचे स्वर मंद होतात, आणि दोन्ही बाजू सहसा सारख्या सुकत नाहीत. मल्टिमीटर असेल तर टर्मिनलवर (मागच्या वायर जोडायच्या खुंट्यांवर) विजेचा रोध मोजा. 4 ओहमचा स्पीकर तीन-साडेतीन दाखवेल. आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा हवा.

804एसबद्दल पुण्याच्या भाऊंशी अर्धा सहमत. स्पीकर चांगलेच आहेत. कागदावर 8 ओहम लिहिलंय, पण काही सुरांना रोध 3 च्या आसपास उतरतो. रोध कमी तेवढा अँपवर ताण जास्त, तेव्हा तुमच्या 45 वॅटला घाम फुटेल. डायनऑडिओ 4 ओहमचे आणि वॅट खाणारे. 3 डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) कमी वाजणाऱ्या स्पीकरला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात, हे लक्षात ठेवा. उलट केईएफवाल्यांनी 104/2 चा रोध मुद्दाम सपाट 4 ओहम ठेवला, आणि एका वॅटला 92 डीबी. तुमचा अँप तिथे हसत चालेल.

एक विचारू? तुम्ही ऐकता किती वाजता?

डग्गा (हैदराबाद, मूळ अमरावतीचा)

मी डायनऑडिओवाला, मॉडेल वेगळं, घराणं तेच. काकाजी, स्पीकर गोड आहेत, पण आवाज थोडा वाढवल्याशिवाय खुलत नाहीत. शेजारी सहनशील असतील तर या. माल पाठवायचा असेल तर मूळ खोकं आहे का ते आधी विचारा. नसेल तर सुताराकडून लाकडी खोकं करून घ्या. माझी एक जोडी पुठ्ठ्यात आली आणि एका पेटीचा कोपरा बशीसारखा बसला. ट्रान्सपोर्टवाल्याने सही घेऊन हात झटकले.

आणि खरजाबद्दल, मी तबला वाजवतो म्हणून बोलतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) तानपुरा धरला तर खरज साधारण 69 हर्ट्झला येतो. बाया, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, त्याच टापूत घुमतो. तुमच्या ऐकण्यात 40 च्या खाली फारसं काही नाहीच. उलट 14 फुटांच्या लांबीत 40 च्या आसपासचे सूर खोलीच फुगवते, आणि 11 फुटांत 50 च्या. फार खोल बास असलेला टॉवर त्या खोलीत भिंतीला टेकवला तर बाया नाही, पिंप ऐकू येईल.

प्रतापनगरचा श्रोता (नागपूर)

कथिलभाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला गप्प केलं. किती वाजता ऐकतो हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

पहाटे पाच ते सात. उन्हाळ्यात तर फक्त तेव्हाच, कारण नंतर कूलर लावल्याशिवाय त्या खोलीत बसवत नाही. काल फोनच्या अॅपवर मोजलं, कूलर चालू असताना खुर्चीपाशी 61 डीबी. म्हणजे तानपुरा सुरू व्हायच्या आधीच त्यावर पाणी. रात्री नात झोपलेली असते. ही नात अडीच वर्षांची आहे आणि भोक दिसलं की बोट घालते, तेव्हा 804एसच्या डोक्यावरच्या त्या नळीचं काय होईल ते मी समजलो.

पहाटे आवाज किती ठेवतो तेही मोजलं. 65 ते 70.

कथिल आणि धूर (नागपूर)

मग 45 वॅटचं विसरा. 92 डीबीच्या स्पीकरला तीन मीटरवर 70 डीबी द्यायला अँप एका वॅटचा दहावा हिस्साही खर्च करत नाही. तुमची निवड वॅटवर नाही, हळू आवाजात कोण नीट बोलतो यावर आहे. त्यात डायनऑडिओ मागे पडतो, डग्गाभाऊंनी सांगितलंच. बाकी दोघांत, आधी रामदासपेठ.

प्रतापनगरचा श्रोता (नागपूर)

रामदासपेठेला जाऊन आलो. अँप मांडीवर घेऊन ऑटोतून.

आधी सूर वगैरे काही नाही, सरळ एक विलंबित लावला. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मी मल्टिमीटर विसरलो. आवाज दोन पेट्यांतून येतोय असं वाटेना, गाणारा मधे सोफ्याच्या जागी बसलेला. सहीसही माणसाच्या उंचीवर.

मग 60 हर्ट्झ. डावा स्वच्छ. उजव्यातून पतंगाचा कागद वाऱ्यावर फडफडावा तसा आवाज. 50 ला डावाही कुरकुरला. ट्वीटर उजवा थोडा मंद. रोध दोन्हीकडे 3.3. घरचे बिचारे खरोखर अनभिज्ञ होते, त्यांच्यासमोरच ठरलं की उघडून पाहू. आतल्या वूफरच्या कडेला बोट लावलं तर काळा चिकट चुरा हाताला आला, गुळाच्या काकवीसारखा. चारही वूफरची तीच गत.

42,000 ला दिले. मी घेतले.

तिसरा डेसिबल, तुम्ही हसाल, हसा. पण ती पहिली पाच मिनिटं ऐकल्यावर पुण्याला फोन करावासाच वाटला नाही.

आमच्याकडे डीजेवाल्यांचे स्पीकर भरून देणारा एक जण आहे, तो म्हणाला संध्याकाळपर्यंत कापडी कडा लावून देतो.

कथिल आणि धूर (नागपूर)

नको! डीजेचं कापड कडक असतं. कोनाची लवचीकता बदलली की खालचा सूर वर सरकतो, आणि त्या पेटीचं गणित त्या लवचीकतेवरच बांधलेलं आहे. त्याच मापाच्या फोमच्या रिंगा मागवा, चार. यायला तीन आठवडे धरा. चिकटवायला रविवारी मी येतो. क्रॉसओव्हरमधले (सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच वेळी मोजू, चाळीस वर्षांत सुकलेले असणार. ट्वीटरचं शेवटी, ते हलक्या हाताचं काम आहे.

डग्गा (हैदराबाद, मूळ अमरावतीचा)

काकाजी, दिवाळीत अमरावतीला येतोय. तबला घेऊन तुमच्याकडे उतरलो तर चालेल का? खरा बाया आणि तुमचा बाया शेजारी शेजारी ऐकू.

प्रतापनगरचा श्रोता (नागपूर)

या की! तर्री पोहे माझ्याकडून.

कथिलभाऊ, रिंगा मागवल्या. तोवर वूफर धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवलेत. दिवाणाखाली ठेवू की कपाटात? दिवाणाखाली कूलरची हवा लागते.

कथिल आणि धूर (नागपूर)

कपाटात. कोन वर, चुंबक खाली. आणि कोणता वूफर कोणत्या पेटीतला, वरचा की खालचा, हे मागे पेन्सिलने आत्ताच लिहा. नात उठायच्या आधी.