मदत हवी आहे: ३२१५०३१७५१ चाचणीला चकवते, अशा आणखी संख्या कशा शोधायच्या?

मिलर-राबिन (संख्या मूळ आहे का ते तपासणारी चाचणी) च्या कोडसाठी कठीण टेस्ट हव्यात. पाया (ज्या संख्येचे घात काढून बाकी तपासतात ती) २, ३, ५, ७ घेतला की ही संख्या मूळ ठरते, पण ती १५१ × ७५१ × २८३५१ आहे. ओव्हरफ्लो नाही: हिचा वर्ग २ च्या ६३ व्या घाताच्या वर जातो, म्हणून गुणाकार १२८ बिटांत केलाय.

१ वजा केला की २ × १६०७५१५८७५, म्हणजे प्रत्येक पायाला एकच तपासणी. हा विषम अवयव घात म्हणून घेतला की २ आणि ५ ची बाकी तिन्ही अवयवांवर १, तर ३ आणि ७ ची तिन्हींवर −१. ११ ला मात्र १५१ वर १ आणि ७५१ वर −१, तिथेच पकडली जाते.

१५०, ७५०, २८३५० यांचं प्रमाण १ : ५ : १८९. म्हणून (त+१)(५त+१)(१८९त+१) घेतलं. कारमायकेल (मूळ नसूनही, तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या कोणत्याही पायाचा ‘संख्या वजा १’ वा घात जिने भागल्यावर बाकी १ देतो अशी) संख्या राहायला त ला ९४५ ने भागून बाकी १५० हवी. शिवाय तिन्ही अवयव ४ ने भागल्यावर बाकी ३ हवी, म्हणजे उडी ३७८० ची. ६४ बिटांत जेमतेम सत्तरेक त उरतात, त्यातही तिन्ही अवयव मूळ निघायला हवेत!

११ आणि १३ लाही चकवणाऱ्या संख्यांसाठी दुसरं कोणतं प्रमाण घ्यावं? की चार अवयवांकडे वळू? पहिल्या १२ मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या की ६४ बिटांपर्यंत भागतं, ते ठाऊक आहे; तो सल्ला नको.