उर्वशीचे झाड खानापूर तालुक्यात फुलेल का?

प्रश्न : जांबोटीकर
नमस्कार. मुंबईच्या राणीच्या बागेत उर्वशी फुललेली पाहिली, तेव्हापासून ती आमच्या परड्यात असावी अशी फार इच्छा आहे. आमचे घर बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला असून जमीन तांबडी, जांभ्याची आहे. पावसाळ्यात पाऊस भरपूर असतो, पण फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते. बेळगावातील एका रोपवाटिकेत ‘उर्वशी’ म्हणून एक रोप दाखवण्यात आले, परंतु ते उर्वशीचेच आहे याची खात्री पटली नाही. आपल्या भागात हे झाड फुलेल का आणि रोप ओळखावे कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : टिळकवाडीचा वृक्षमित्र
आपली जागा या झाडासाठी आपल्या जिल्ह्यातील सर्वांत अनुकूल पट्ट्यात येते, असे माझे मत आहे. उर्वशी, म्हणजे अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस, ही मूळची दक्षिण म्यानमारमधील. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांना ती १८२७ च्या सुमारास साल्विन नदीच्या परिसरात एका जुन्या मठाजवळ आढळली. तेथील गुहेत बुद्धमूर्तींपुढे तिची फुले वाहिलेली होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि कन्या या दोघींना वनस्पतींची आवड होती, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आले. या प्रजातीत (genus) हीच एक जात (species) आहे, आणि रानात ती त्यानंतर फार थोड्या वेळा सापडली आहे. आज जगभर दिसतात ती झाडे बहुतेक बागांतूनच राखलेली आहेत.

इंग्लंडमध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने या झाडासाठी आपला माळी मुद्दाम भारतात पाठवला होता, तरीही तेथे ते प्रथम फुलले ते १८४९ मध्ये, आणि तेही ईलिंग पार्क येथील लॉरेन्सबाईंच्या उष्णगृहात. उबदार, दमट आणि स्थिर हवा हीच या झाडाची खरी गरज आहे, हे यावरून लक्षात यावे. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे हिवाळ्यात पारा बऱ्याचदा १५ अंशांच्या खाली जातो आणि उन्हाळ्यात पूर्वेकडून कोरडा वारा येतो. मला थंडीपेक्षा या वाऱ्याची अधिक काळजी वाटते. म्हणून घराच्या किंवा फणसासारख्या दाट झाडाच्या पश्चिमेस, या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशी जागा निवडावी. जांभ्यात खड्डा मोठा घेऊन त्यात शेणखत व कुजलेला पालापाचोळा भरावा, पण पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात बुंध्याभोवती जाड आच्छादन ठेवल्यास विहिरीवरचा भार बराच कमी होईल.

उत्तर : निपाणीकर
आमच्याकडच्या काळ्या जमिनीत आणि उघड्या वाऱ्यात उर्वशीची कोवळी पालवी दर उन्हाळ्यात कडांनी करपते, त्यामुळे वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र एक विनंती करावीशी वाटते. सीता अशोक याच शिंबावंत कुळातील असून सह्याद्रीत ओढ्याकाठी आपोआप वाढणारा आहे, आणि तोही आता दुर्मीळ होत चालला आहे. परड्यात एकाच झाडापुरती जागा असेल, तर मी प्रथम अशोक लावीन.

उत्तर : खानापूरची रोपवाटिका
रोप ओळखण्याविषयी लिहितो. अशोक आणि उर्वशी या दोघांचीही नवी पालवी तांबूस तपकिरी आणि लुळी लोंबणारी असते, म्हणून केवळ तेवढ्यावरून खात्री करू नये. ब्राउनिया या शोभेच्या झाडाची पालवीही अशीच लोंबते. खरी ओळख फुलांत आहे. अशोकाची फुले नारिंगी, गुच्छांनी फांदीला लगटलेली असतात, तर उर्वशीचा तुरा झुंबरासारखा खाली सुटतो. प्रत्येक फूल लांब लाल देठावर असते, त्यामागे दोन मोठी लाल छदके (फुलाच्या बुडाशी असणारी पानासारखी दले) असतात आणि वरच्या रुंद पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. रोपवाटिकेतील रोपाला फूल नसतेच, म्हणून मातृवृक्ष किंवा निदान त्याचे फुलोऱ्यासह छायाचित्र दाखवण्याचा आग्रह धरावा.

या झाडाला शेंगा क्वचित धरतात, त्यामुळे रोपे मुख्यतः गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फुटवून, केली जातात. गुटी पावसाळ्याच्या तोंडाशी बांधलेली बरी. शेंग मिळालीच, तर बी साठवून न ठेवता लगेच पेरावे.

जांबोटीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घराच्या पश्चिमेस जुना फणस आहे आणि त्याच्या पलीकडून ओढा जातो. उर्वशी फणसाच्या आडोशाला आणि अशोक ओढ्याकाठी लावला, तर चालेल का?

टिळकवाडीचा वृक्षमित्र
अवश्य चालेल. उर्वशी मात्र फणसाच्या मुळांपासून पुरेशी दूर घ्यावी, आणि पहिले दोन उन्हाळे तिला पाण्यात खंड पडू देऊ नये.