डिस्टॉर्शन सुरू झाले की पियानो बुडतो, उपाय सुचवावा

प्रश्न : काळी चार
कोल्हापुरात आम्ही चौघे मिळून स्वतःची मराठी गाणी करतो. गिटार, बेस, ड्रम आणि माझा डिजिटल पियानो असा आमचा संच आहे. चाल पियानोवरच बांधलेली असते आणि कडव्यात ती स्वच्छ ऐकू येते. पण ध्रुवपदात गिटारवादकाने डिस्टॉर्शनच्या, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या, पेडलवर पाय ठेवला, की पियानो जणू बंदच पडतो. मी आवाज वाढवतो, मग तो वाढवतो आणि शेवटी गायकाचे शब्दही कळेनासे होतात. पुढच्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वाजवायचे आहे. दोन्ही वाद्यांचा मेळ कसा बसवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : राजारामपुरीचा बेसवाला
आवाज वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो जागेचा आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर आणि बेसची ४१ हर्ट्झवर बोलते, त्यामुळे आपला डावा हात खालच्या सप्तकांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरत असेल, तर तो नेमका या दोघांच्या गर्दीत सापडतो. शिवाय पियानोचा स्वर पट्टी दाबताक्षणी ठसठशीत उमटून लगेच विरू लागतो, तर डिस्टॉर्शनमुळे गिटारचा स्वर एकाच पातळीवर रेंगाळत राहतो. ध्रुवपदात डावा हात सरळ उचलावा, खर्ज बेसवर सोपवावा आणि उजव्या हाताने एक सप्तक वर तुटक स्वर वाजवावेत.

उत्तर : कोमल गंधार
मी निम्माच सहमत आहे. सगळी माघार पियानोनेच का घ्यावी? डिस्टॉर्शन लावून तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड छेडली, की मूळ स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर उपजतात आणि सारे गढूळ होते. म्हणूनच रॉकमधले गिटारवादक बहुधा पॉवर कॉर्ड, म्हणजे केवळ षड्ज आणि पंचम, वाजवतात. गंधार मोकळाच राहतो, आणि तो शुद्ध की कोमल यावर तर गाण्याचा भाव ठरतो! ते काम पियानोकडे द्यावे आणि गिटारचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची तीव्रता, निम्म्यावर आणावा; वादक रुसला तरी चालेल. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २००२ मधील ‘क्लॉक्स’ या गाण्यात आठ ठोक्यांची ३-३-२ अशी विभागणी करणारे पियानोचे आवर्तन पुढे राहते आणि गिटार मागून भर घालते. कीन या इंग्लिश बँडने तर २००४ च्या पहिल्या अल्बममध्ये गिटार ठेवलीच नाही, डिस्टॉर्शन पियानोलाच लावले. आणि गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या कोल्हापुरात, गायकाच्या श्वासाच्या जागा साथीने भरायच्या असतात, हे वेगळे सांगायला नको.

काळी चार
दोघांचेही आभार. कीनचा मार्ग आमच्या गिटारवादकाला सुचवण्याची माझी हिंमत नाही, मात्र षड्ज-पंचमाची वाटणी त्याला पटावी. सरावाच्या खोलीत पियानो गिटारच्याच जादा अ‍ॅम्पला जोडतो, ते चालेल का?

उत्तर : राजारामपुरीचा बेसवाला
चालणार नाही. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही, त्यामुळे पियानोचा आघातच बोथट होतो. डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या डबीतून, थेट मिक्सरमध्ये जावे आणि ध्रुवपद वाजवून पाहताना पियानोचा १५० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करायला साउंडवाल्याला सांगावे. आपल्याकडचे साउंडवाले ऑर्केस्ट्राला सरावलेले असल्याने कीबोर्ड भरदार ठेवतात, म्हणून हे कार्यक्रमाआधीच ठरवून घ्यावे.