मदत हवी आहे : प्रोस्टेट कॅन्सरच्या गोळ्यांनी कावीळ होते का?

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी सल्ला हवा आहे. जरा लांबड लागेल, पण तपशील दिल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार?

अण्णा ७३ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. तीन महिन्यांतून एकदा ल्युप्रोलाइडचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन आणि मे अखेरीपासून अ‍ॅबिराटेरॉन २५० च्या रोज चार गोळ्या (याही हार्मोन रोखणाऱ्याच), जोडीला प्रेडनिसोलोन ५. गुण चांगला आला होता. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा जोर सांगणारी रक्ततपासणी) १८६ वरून ९ वर आलं, कंबरदुखी हटली आणि अण्णा परत रानात जाऊन बांधावर बसायला लागले.

आषाढ सरता सरता जेवण तुटलं. पाऊसपाण्याचे दिवस आहेत, होतं असं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. आईला लेंगा धुताना पिवळे डाग दिसले, तिने खोदून विचारलं तेव्हा कळलं की लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. उष्णता झाली असेल म्हणून गडी गुपचूप धण्याचं पाणी पीत होता.

काल रिपोर्ट आले. लिव्हरचे सगळे आकडे वाढलेले : बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारं) ५.२, एसजीपीटी ४३०, एसजीओटी ३६०, अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०. कॅन्सरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, अ‍ॅबिराटेरॉन आजपासून बंद, सोमवारी पुण्याला घेऊन या. सोनोग्राफी तिकडेच होईल.

आता डोक्यात गोंधळ असा. डब्यातली घडी घातलेली चिठ्ठी भिंगाखाली वाचली. त्यात लिहिलंय की पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी लिव्हरची तपासणी करायची, नंतर महिन्याला. आमच्या फाईलमध्ये पीएसएच्या तारखा आहेत, लिव्हरची एकही नाही. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. ते भांडण नंतर करू. दुसरं, गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात म्हणे. अण्णांना रिकाम्या पोटी मळमळायचं, म्हणून ते पोह्यांबरोबर घेत होते.

पण गोळ्यांवरच खापर फोडावं, तर गावात वारीनंतर काविळीचे आणखी पेशंट निघालेत. पाणी ओढ्याकाठच्या विहिरीचं. शिवाय अण्णा कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात.

आणि आत्या ठाण मांडून बसली आहे. गळ्यात काविळीची माळ घातलीच आहे, चुन्याच्या निवळीत हात धुऊन 'बघ कशी उतरली' हेही झालं. माळेनं कोणाचं काही बिघडत नाही, राहू दे. पण आता ती नाकात देवडांगरीचे थेंब घालायला माणूस बोलावतेय, त्याची मला धास्ती आहे.

विचारायचं हे :
गोळी बंद केल्यावर कावीळ उतरते का, किती दिवसांत? लिव्हर ठीक झालं की तीच गोळी परत देतात का? प्रेडनिसोलोनही बंद करायची का? सोमवारी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

मी औषधनिर्माण क्षेत्रात आहे, डॉक्टर नाही.

आधी महत्त्वाचं. प्रेडनिसोलोन मनानं एकदम बंद करू नका. रोज बाहेरून स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कमी बनवतं, अचानक तोडलं तर बीपी पडू शकतं. आजच फोन करून त्याचं काय करायचं ते विचारा.

अ‍ॅबिराटेरॉननं लिव्हरला इजा होते, हे माहीत असलेलं आहे, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच. तुमचा काळ जुळतो. जेवणाबरोबर घेतल्यास ही गोळी रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, तेलकट खाण्याबरोबर तर दहापटीपर्यंत. काही डॉक्टर मुद्दाम एकच गोळी हलक्या न्याहारीबरोबर देतात, पण चारही गोळ्या पोह्यांबरोबर हा वेगळाच डोस झाला. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मात्र 'गोळीच' असं ठरवून मोकळे होऊ नका. नियम असा की एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर एकाच वेळी गेलं, आणि पित्तमार्गात अडथळा किंवा दुसरं कारण सापडलं नाही, तर ही गोळी कायमची बंद. तुमचे दोन्ही आकडे ती रेघ ओलांडून गेलेत. म्हणजे दुसरं कारण आहे की नाही, यावरच गोळी परत मिळणार की नाही हे ठरणार. हिपॅटायटिस ए, बी, ई तिन्हींच्या तपासण्या मागा. बी विसरू नका, स्टेरॉइडवर असताना जुना दबलेला बी डोकं वर काढू शकतो. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतल्या कॅन्सरनंही वाढतं, म्हणून जोडीला जीजीटी, ते हाडांमुळे वाढत नाही. आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), कारण लिव्हर किती काम करतंय ते त्यातून कळतं.

गुळवेलही सध्या बंदच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. वाद राहू दे बाजूला, आत्ता लिव्हरवर आणखी एक पाहुणा नको. पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय नको.

प्रतिसाद

माझ्या सासऱ्यांना बायकॅल्युटामाइड या प्रोस्टेटच्याच दुसऱ्या गोळीनं असंच झालं होतं. गोळी थांबवल्यावर आकडे खाली यायला लागले, पण डोळ्यांचा पिवळेपणा बराच रेंगाळला. खाज तर सगळ्यात शेवटी गेली. त्यांना ती गोळी परत दिली नाही, दुसरी लावली. पर्याय असतात, खचून जाऊ नका.

देवडांगरीचं मात्र हात जोडून सांगते, नको. नाकातून पिवळं पाणी गळतं ते कावीळ नव्हे, नाकाच्या आतली कातडी पोळते म्हणून गळतं. आत्यांना नाही म्हणू नका, 'पुण्याच्या डॉक्टरांनी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय' म्हणा. मोठ्या डॉक्टराचं नाव घेतलं की आमच्याकडे भांडण मिटतं.

आणि भाऊ, सोमवारची वाट बघताना लक्ष ठेवा. झोप उलटीपालटी झाली, बोलणं असंबद्ध वाटलं, हिरड्यांतून रक्त आलं, उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी गाडी काढा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. फोन झाला. प्रेडनिसोलोन चालू ठेवायची आहे, आयएनआर इथेच आज करून रिपोर्ट पाठवायचा आहे. पोह्यांचं ऐकून डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले हे फाईलवर लिहून आणा. ए, बी, ई तिन्ही तिकडे करतील. काढ्याची पुडी आईने उचलून ठेवली. आत्या सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे, पण गाडीत ती पण येणार म्हणते.

एक राहिलं : ल्युप्रोलाइडच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख याच महिन्यात आहे. कावीळ असताना ते घेतलेलं कोणी आहे का इथे?