मदत हवी आहे: सूक्ष्मस्वरी रचना वाजवताना ‘प्रोसेसर ओव्हरलोड’ येतो आणि आवाज तुटतो

शुद्धपंचम
नमस्कार. सप्तकाचे ५३ समान भाग करून बांधलेल्या एका रचनेवर गेले दोन महिने काम करत आहे आणि परवा सकाळपर्यंत तिचे अंतिम मिश्रण पाठवायचे आहे. कालपासून तिसऱ्या मिनिटाला, जिथे पॅड (लांब टिकणाऱ्या स्वरांचा पार्श्वभूमीचा आवाज) सुरू होतो बरोबर तिथे, आवाजात तडतड होऊ लागते, मग सॉफ्टवेअर प्रोसेसर ओव्हरलोडची सूचना दाखवते आणि वादन थांबते. ट्रॅक अवघे सात आहेत. याच संगणकावर नेहमीच्या बारा स्वरांतली चाळीस ट्रॅकची कामे विनातक्रार चालली आहेत, त्यामुळे दोष सूक्ष्मस्वरांच्या ट्यूनिंगमध्येच आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले, दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्येही हीच रचना उघडून पाहिली, तिथेही हेच घडते. ट्यूनिंगचा भार कमी करणारी सेटिंग नेमकी कोणती, एवढेच कृपया सांगावे.

तारसप्तक
बफर (एका खेपेला तयार होणाऱ्या ध्वनीनमुन्यांची संख्या) १०२४ करा आणि पुढे चला. मी गेली कित्येक वर्षे मिश्रणाच्या वेळी बफर १०२४ च्या खाली ठेवलेलाच नाही आणि मला ही सूचना कधी दिसलेली नाही.

अनाहत
सेटिंग सांगण्याआधी थोडी माहिती हवी. सॅम्पल रेट (दर सेकंदाला किती ध्वनीनमुने) किती आहे, बफर किती आहे, प्रोसेसरला कोअर किती आहेत, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ट्यूनिंग कोणत्या मार्गाने केले आहे? सिंथमध्ये (आवाज निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअर-वाद्यात) स्काला फाइल (सप्तकातल्या स्वरांची यादी) भरली आहे, एमटीएस-ईएसपी (सगळ्या सिंथना एकाच ठिकाणाहून ट्यूनिंग पुरवणारी पद्धत) वापरले आहे, की प्रत्येक स्वर पिच बेंडने (स्वर वर-खाली करणाऱ्या आदेशाने) सरकवला आहे? सिंथ स्वतः ट्यूनिंग वाचत असेल तर मिडीतल्या (वाद्यांना स्वर कळवणाऱ्या संकेतप्रणालीतल्या) १२८ स्वरांच्या वारंवारितांचा एक तक्ता बनतो आणि पट्टी दाबली की त्यातला एक आकडा उचलला जातो. त्या कामाला प्रोसेसरचा वेळ जवळजवळ लागतच नाही. म्हणून केवळ ट्यूनिंगमुळे ओव्हरलोड होतो हे मला पटत नाही.

मुक्तस्रोत
माझा अनुभव सांगतो. मी दोन वर्षांपूर्वी पूर्णपणे लिनक्सवर आलो आणि तडतड हा विषयच संपला. कामे ठरल्या वेळेत उरकण्यासाठीची प्रीएम्प्ट-आरटी ही सोय २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच (गाभ्यातच) आली आहे, त्यामुळे आता त्यासाठी बाहेरचा पॅच लावत बसावे लागत नाही. याचा गांभीर्याने विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

शुद्धपंचम
सर्वांचे आभार, पण परवावर काम आले असताना ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे मला शक्य नाही. सॅम्पल रेट ९६००० आहे, कारण सूक्ष्मस्वरांना तेवढी अचूकता लागते. बफर १२८ आहे. १०२४ करून पाहिला, तेव्हा तडतड थोडी उशिरा सुरू झाली, पण शेवटी वादन थांबलेच. प्रोसेसर आठ कोअरचा आहे, मेमरी १६ जीबी. मला न उलगडलेली गोष्ट अशी की टास्क मॅनेजर ३० टक्क्यांच्या वर जात नाही आणि तरी सॉफ्टवेअरचा मीटर १०० ला टेकलेला असतो. म्हणजे सॉफ्टवेअर प्रोसेसर पुरता वापरतच नाही, असे दिसते.

गणिती
ते दोन मीटर दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. दर कोअरला एक थ्रेड धरला, तर आठपैकी एक कोअर काठोकाठ भरला तरी सरासरीत तो साडेबारा टक्केच दिसतो. ध्वनीच्या सॉफ्टवेअरचा मीटर मात्र एक बफर भरायला मिळालेल्या वेळातला किती वेळ खर्च झाला ते सांगतो. ९६००० सॅम्पल रेट आणि १२८ बफर म्हणजे तुमच्याकडे दर खेपेला १.३३ मिलिसेकंद आहेत. तेवढ्यात सर्वांत लांब साखळी पूर्ण झाली नाही, तर बाकीचे सात कोअर रिकामे बसले असले तरी आवाज तुटणारच. बफर वाढवल्याने अधूनमधून येणारे झटके पचतात. पण साखळीचे सरासरी कामच तिला मिळणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर कोणताही बफर पुरत नाही. तुमच्या बाबतीत १०२४ वरही वादन थांबले, यावरून दुखणे दुसऱ्या प्रकारचे वाटते.

९६००० बद्दल स्पष्ट बोलतो. सॅम्पल रेट वाढवल्याने स्वराची वारंवारिता अधिक अचूक होत नाही. ४८००० वरही स्वर सेंटच्या (सप्तकाच्या १२०० व्या भागाच्या) अगदी लहान अंशापर्यंत हवा तिथे बसवता येतो. काम मात्र जवळपास दुप्पट होते.

तारसप्तक
९६००० ला असे मोडीत काढू नका. डिस्टॉर्शनमधून किंवा तीव्र एफएममधून (एका लहरीने दुसरीची वारंवारिता हलवण्यातून) निघणारे वरचे घटक ४८००० वर उलटून खाली येतात आणि जे स्वर रचनेत नाहीत ते ऐकू येऊ लागतात. बारा स्वरांच्या संगीतात एखादे वेळी ते लपून जाईल, पण जिथे २२ सेंटचा फरक अर्थपूर्ण आहे तिथे ते कानाला टोचते. हे मी स्वतः ऐकलेले आहे.

गणिती
तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो मला मान्य आहे, पण तो स्वराच्या अचूकतेचा नाही, एलियासिंगचा, म्हणजे अशा उलटून आलेल्या घटकांचा आहे. त्यासाठी सिंथमध्येच ओव्हरसॅम्पलिंगची सोय असते. शुद्धपंचम यांनी प्रकल्प ९६००० वर ठेवून सिंथमध्येही चौपट ओव्हरसॅम्पलिंग लावले असेल, तर तो सिंथ आतून ३,८४,००० वर गणित करत असणार. असे आहे का, ते त्यांनी सांगावे.

कोमलऋषभ
मुळात ५३ च का? ५३ मध्ये पंचम ३१ पायऱ्यांवर येतो आणि शुद्ध ३/२ पासून फक्त ०.०७ सेंट चुकतो, हे खरे आहे. २२ श्रुतींची जी गुणोत्तरे सहसा दिली जातात तीही या जाळीत फार जवळ बसतात. पण शुद्ध गंधारात ५३ ची चूक १.४ सेंट आहे, तर ३१ भागांच्या सप्तकात ती केवळ ०.८ सेंट आहे. पंचम तिथे पाच सेंटांनी उतरतो, तरीही संवादी तिसऱ्या स्वरांवर उभ्या असलेल्या पॅडला ३१ अधिक शोभेल असे माझे मत आहे. शिवाय स्वर कमी झाले की भारही हलका होईल.

अनाहत
कोमलऋषभ, गंधाराचे गणित बरोबर आहे, पण सप्तकाचे भाग आणि प्रोसेसरचा भार यांचा संबंध नाही. एका वेळी किती स्वर वाजतात आणि प्रत्येक स्वरामागे किती यंत्रणा चालते, यावर भार ठरतो. तक्ता ३१ चा असो की ५३ चा, सिंथला सारखाच.

मंद्रषड्ज
लेटन्सीमॉन (ड्रायव्हरमुळे होणारा उशीर मोजणारे साधन) चालवून पाहिले का? माझ्याकडे अशीच तडतड होती आणि ती वाय-फायच्या ड्रायव्हरमुळे निघाली. वाय-फाय बंद करून, लॅपटॉप चार्जरला जोडून आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवून पाहावे. तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो, हेही विसरू नये.

अनाहत
ड्रायव्हरचा दोष असता तर तडतड कुठेही, केव्हाही झाली असती. इथे ती दर वेळी तिसऱ्या मिनिटाला, पॅड आल्यावरच होते, म्हणून कारण त्या पॅडच्या ट्रॅकमध्येच शोधले पाहिजे. शुद्धपंचम, दोन गोष्टी सांगा. पॅडचे ट्यूनिंग कसे केले आहे? आणि वादन थांबवल्यावर मीटर लगेच खाली येतो का?

शुद्धपंचम
हे लिहिण्याची गरज वाटली नव्हती, कारण सगळे असेच करत असतील असा माझा समज होता. पॅडचा सिंथ स्काला फाइल वाचत नाही आणि एका वेळी एकाच मिडी चॅनेलवर ऐकतो. म्हणून आधी एक ट्यूनिंगचा मिडी प्लगइन ठेवला आहे, जो प्रत्येक नवा स्वर वेगळ्या चॅनेलवर पिच बेंडसह पाठवतो, आणि त्याच ट्रॅकवर त्या सिंथच्या पंधरा प्रती लावल्या आहेत. प्रत्येक प्रतीत सात आवाजांचे युनिझन आहे (एकच स्वर सात आवाजांत एकत्र वाजतो), चौपट ओव्हरसॅम्पलिंग आहे आणि सिंथचा स्वतःचा नऊ सेकंदांचा रिव्हर्ब (घुमारा) आहे.

थांबवण्याचा प्रयोग आत्ताच केला. मीटर खाली येत नाही. स्वर विरत असताना तो ८० च्या आसपास राहतो आणि काहीच ऐकू येईनासे झाल्यावर उलट ९५ वर चढतो. हे मी आजवर पाहिलेच नव्हते.

गणिती
आता चित्र स्पष्ट झाले. तुम्हाला वाटत होते ट्रॅक सात आहेत. प्रत्यक्षात त्यांपैकी एकात पंधरा सिंथ आणि पंधरा रिव्हर्ब आहेत. सर्व प्रती एकाच ट्रॅकवर असल्याने बहुतेक सॉफ्टवेअर त्यांना एकामागून एक, एकाच कोअरवर चालवते. बारा स्वरांत हाच आवाज एका प्रतीत आणि एका रिव्हर्बमध्ये भागला असता.

शांततेत मीटर चढतो हे डीनॉर्मल संख्यांचे नेहमीचे लक्षण आहे. रिव्हर्बची शेपटी विरत विरत १० च्या उणे ३८ व्या घाताच्याही खाली गेली की ३२ बिटांच्या दशांश संख्या एका खास लहान रूपात साठवल्या जातात आणि अनेक प्रोसेसरांवर त्यांचे गणित नेहमीपेक्षा बरेच मंद होते. चांगला प्लगइन अशा संख्या सरळ शून्य धरतो. हा प्लगइन तसे करत नसावा.

आज एवढे करा. पंधराही प्रतींमधला रिव्हर्ब बंद करा आणि एका वेगळ्या बसवर (अनेक आवाज एकत्र येतात त्या वाटेवर) एकच रिव्हर्ब लावून पॅड तिकडे पाठवा. ओव्हरसॅम्पलिंग ऐकताना बंद ठेवा, रेंडरच्या वेळी चालू करा. पॅडचे स्वर पक्के झाले असतील तर ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे त्याचा तयार आवाज साठवून तोच वाजवा). आणि मिश्रण फाइलमध्ये उतरवताना ऑफलाइन रेंडर निवडा, कारण तिथे १.३३ मिलिसेकंदांचे बंधन नसते. एका सेकंदाच्या आवाजाला तीन सेकंद लागले तरी आवाज तुटत नाही.

शुद्धपंचम
रिव्हर्ब बंद करताच मीटर १०० वरून ५८ वर आला. ओव्हरसॅम्पलिंग काढल्यावर ३१. रात्री पहिल्यांदा रचना शेवटपर्यंत न थांबता ऐकली. आपले ऋण मोठे आहे. एक खंत राहिली: पूर्वी प्रत्येक स्वराची शेपटी वेगळी विरत होती, आता सगळ्या एकाच खोलीत मिसळतात.

अनाहत
तो फरक आपण ऐकलात याचा आनंद आहे. तेवढ्यासाठी रिव्हर्ब चालू ठेवून पॅड ऑफलाइन रेंडर करून घेता येईल. पुढच्या कामासाठी मात्र पंधरा प्रतींची वाट सोडा. सर्ज एक्सटी हा मोफत आणि मुक्तस्रोत सिंथ स्काला फाइल थेट वाचतो आणि एमटीएस-ईएसपीही ओळखतो. फक्त एक अडचण ध्यानात ठेवा: ५३ पायऱ्या लागोपाठच्या पट्ट्यांवर बसवल्या तर १२८ मिडी स्वरांत जेमतेम २.४ सप्तके मावतात. आपल्या रचनेत प्रत्यक्ष किती स्वर येतात?

शुद्धपंचम
फक्त १९. मिडी प्लगइनमध्येही तेवढेच १९ लागोपाठच्या पट्ट्यांवर मांडले आहेत.

अनाहत
मग काम सोपे आहे. त्याच १९ ओळींची स्काला फाइल लिहा, म्हणजे साडेसहा सप्तकांहून अधिक पल्ला मिळेल आणि मूळ पट्ट्या तशाच ठेवल्यात तर मिडीतला एकही स्वर हलवावा लागणार नाही. षड्ज फाइलमध्ये लिहायचा नसतो, तो गृहीतच असतो. शेवटची ओळ तारषड्जाची.

शुद्धपंचम
फाइल लिहिली, पण पहिले सप्तक ठीक वाजते आणि पुढचे स्वर ऐकूच येत नाहीत. शेवटच्या तीन ओळी अशा आहेत: १०८६.७९२, ११५४.७१७, १२००.

गणिती
शेवटचा आकडा ‘१२००’ असा बिनटिंबाचा आहे का? स्काला फाइलमध्ये टिंब असलेला आकडा सेंट समजला जातो आणि नसलेला गुणोत्तर. तुमचे सप्तक १२००/१ म्हणजे दहा सप्तकांहून मोठे झाले आहे. ‘१२००.०’ किंवा ‘२/१’ लिहा.

शुद्धपंचम
टिंब दिले आणि सगळे स्वर जागेवर आले. एकच प्रत, एकच रिव्हर्ब, ९६००० वरही मीटर १४. शेवटच्या आठ मात्रांत मात्र एका स्वरसंघातला गंधार एकटाच मींडेने खाली उतरतो आणि बाकीचे तीन स्वर स्थिर राहतात. नव्या मांडणीत पिच बेंड दिला की चारही उतरतात.

अनाहत
स्वरागणिक बेंडसाठी एमपीई (प्रत्येक स्वराला वेगळे मिडी नियंत्रण देणारी पद्धत) लागेल. सर्ज एक्सटीमध्ये तीही सोय आहे, पण बेंडचा पल्ला दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो आणि परवाच्या आत ते जुळवत बसू नये. त्या आठ मात्रांपुरता जुना ट्रॅक फ्रीझ करून ठेवा.

शुद्धपंचम
तसेच केले आहे. रेंडर लावले आहे.